रिकाम्या हाताची शाब्बासकी

"मूठ उघड."

पाण्यातून डोकं वर काढून मी अजून नाकातलं पाणीही शिंकरलं नव्हतं, तोच पायरीवरून हा हुकूम आला. आयुष्यात पहिल्यांदाच मी विहिरीच्या तळाला बोटं टेकवून आले होते. हाताला काही लागलं नव्हतं, आणि श्वास संपत आल्यावर मला कशाची शुद्धही राहिली नव्हती. मी भीत भीत मूठ उघडली. आत नुसतं पाणी. आता ही बाई सगळ्याजणींसमोर माझी खरडपट्टी काढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"रिकामी हाय की! शाब्बास गं माझी वाघीण!" असं ओरडून हिराक्कांनी जोरात टाळी वाजवली आणि मला दंडाला धरून पायरीवर ओढून घेतलं.

विहिरीत पोहणाऱ्यांचा आपल्याकडे एक नेम असतो. बुडी मारून तळ गाठला, तर तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची. माती नाही आणली तर ती बुडी धरत नाहीत, वर काठावरचे सगळे मिळून हुर्यो करतात. माझा भाऊसुद्धा सुट्टीत गावी गेला की अशी माती आणून आईच्या पुढ्यात टाकायचा आणि पाठीत धपाटा खायचा. हिराक्कांच्या विहिरीवर हा नेम उलटा होता, हे मला त्या दिवशी कळलं. तिथे माती आणणारीला शिक्षा. उरलेला वेळ तिने पायरीवर बसून बाकीच्यांचं पोहणं बघायचं. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका मोठ्या ऐटीत मूठभर गाळ घेऊन वर आल्या, तर हिराक्कांनी त्यांनाही बसवलं. "ते काय सोनं हाय व्हय? आमच्या रानात ढीग पडलाय मातीचा. जाताना पोतं भरून न्या की!" मुख्याध्यापिका लालबुंद झाल्या, पण पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.

मी तिथे जाऊन पोचले ती पाठीच्या दुखण्यामुळे. सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून वर्षं गेली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पोहा, नाहीतर कमरेला पट्टा बांधा. शहरातल्या तलावावर एकदा जाऊन आले. पोहण्याचा पोशाख घालून कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहिले, आणि तशीच परत साडी नेसून शुक्रवार पेठेतल्या घरी आले. शेजारणीने विचारलं, "झालं का पोहून?" मी म्हटलं, "हो, छान होतं पाणी." इतकी लाज मला माझ्याच मांड्यांची वाटली होती. ऑफिसमधल्या संगीताला हे कळल्यावर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या गावाला चला. वैरागच्या रस्त्यावरच आहे. तिथं आमच्या हिराक्का बायकांना पोहायला शिकवतात. आरसाबिरसा काही नाही."

पहिल्या दिवशी मी पोशाखावर गाऊन आणि गाऊनवर ओढणी अशी विहिरीवर उभी राहिले. हिराक्का पासष्टीच्या पुढच्या, उन्हाने रापलेल्या, बांधा एवढासा, पण आवाज असा की पलीकडच्या रानातल्या शेरडांनी मान वर करावी. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे काय बाई? पवायला आलीस का थंडी भरलीया?"

"लाज वाटते हो आक्का."

"कशाची? हितं समद्या बायकाच हायती. आन् विहिरीला काय डोळं न्हाईत." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "लाज राखून ठिव. खऱ्या लाजंची येळ येती तवा लागती ती." मला तो त्यांचा विनोद वाटला. मी हसेपर्यंत त्यांनी माझ्या पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले आणि काही न सांगता मला ढकलून दिलं. माझी किंकाळी अख्ख्या शिवारात ऐकू गेली म्हणे.

आक्कांचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. "आमच्यात पाणी आलं की आदी शेरडं-मेंढरं, मागनं माणसं," त्या सांगायच्या. "पवणं म्हंजे काय, ते लगीन होऊस्तोवर मला ठावंच न्हवतं. इतकं पाणी एका जाग्याला बघून मी पयल्या दिशी त्याला नमस्कार केला हुता." सासर मात्र पाणीवालं मिळालं. एकाच रानात दोन विहिरी, वरची आणि खालची. आम्ही पोहायचो ती वरची; तिला जिवंत झरा, कसल्याही उन्हाळ्यात न आटणारा. ते पाणी खालच्या रानालाही मिळावं म्हणून आक्कांच्या आजेसासऱ्यांनी सुरुंग लावून, कातळ फोडून दोन्ही विहिरींच्या तळातून एक बोगदा काढला होता. माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढा, आणि बारा महिने पाण्याखाली. वरच्या विहिरीच्या तळाला सगळीकडे धुतलेला कातळ. माती सापडायची ती फक्त बोगद्याच्या तोंडाशी, झऱ्याने ढकलत आणलेली. म्हणजे ज्याला मूठभर माती हवी, त्याला त्या भोकात हात घालावा लागायचा.

शिकवताना आक्का प्रत्येकीच्या कमरेला दोर बांधायच्या. दोराचं दुसरं टोक सुशीलाबाईंच्या हातात. सुशीलाबाई आक्कांची धाकटी जाऊ. गोऱ्या, अबोल, पाण्याजवळच्या कोरड्या पायरीवर पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या. त्या स्वतः कधी पाण्यात उतरल्या नाहीत. बाकीच्या बायका गप्पा मारत, शेंगाचटणी-भाकरीचे डबे उघडत, पण सुशीलाबाईंची नजर दोरावरून हलत नसे. पाण्यात कुणी जरा जास्त वेळ राहिलं की आमच्याआधी त्यांच्या बोटांना कळायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, "काकू, तुम्हीही शिका की." त्यांनी नुसती मान हलवली. आक्का मध्येच ओरडल्या, "तिला बोलू नगंस! दोर धरणाऱ्याशी बोलायचं न्हाय!"

त्या दिवशी परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत चहा पिताना संगीताने मला सगळं सांगितलं. गावात हे लहान पोरालासुद्धा माहीत होतं, फक्त त्या घरात कुणी बोलत नसे. कितीतरी वर्षांपूर्वीची गोष्ट, सुशीलाबाईंचं लग्न तेव्हा नुकतंच झालेलं. उन्हाळ्यात घरची, भावकीची सगळी मंडळी विहिरीवर जमली होती. त्यांचे यजमान सदाशिव, आक्कांचे धाकटे दीर, पट्टीचे पोहणारे. त्यांनी नव्या बायकोच्या देखत सूर मारला, तळ गाठला आणि धापा टाकत वर आले. मूठ रिकामी. पायरीवर बसलेल्या आक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय हो भावजी, नवी नवरी बघायला बसलीया, आन् मूठ रिकामीच?" सगळे खो खो हसले. सदाशिव पुन्हा गेले ते माती आणायला बोगद्यात शिरले. गाळ उठला, पाणी चहासारखं झालं, आणि त्यांना बाहेरचं तोंड सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी लांबून बोलावलेल्या माणसांनी त्यांना वर काढलं. मूठ मातीने भरलेली होती.

माझा चहा तसाच राहिला. मला आठवत राहिलं, मूठ रिकामी म्हणून आक्का किती जोरात टाळी वाजवतात.

पुढे माझी आणि त्यांची चांगली गट्टी जमली. एका रविवारी बाकीच्या बायका आल्या नव्हत्या. सुशीलाबाई चहा टाकायला वस्तीवर गेल्या होत्या, आणि आम्ही दोघी पाय पाण्यात सोडून बसलो होतो. संगीताने सांगितलेलं माझ्या तोंडावर दिसत असावं. आक्का आपणहून म्हणाल्या, "मला तवा पवायला येत न्हवतं. काठावर बसून हसायला काय लागतंय? पवता येत न्हाय, पाण्यात उतरायची छाती न्हाय, आन् पाण्यातल्या माणसाला मी बोलले." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "ते वर येईनात तवा मी नुसती बोंबलत हुते. मागनं मला कुणी एक शब्द बोललं न्हाय. सासूबाईंनी दुसऱ्या दिशी ताटात भाकरी वाढली, रोजच्यासारखी. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भाकरी अजून घशाखाली उतरंना."

त्याच वर्षी आक्का पोहायला शिकल्या. पाठीला भोपळा बांधून, पहाटे कुणी उठायच्या आत. मग बुडी शिकल्या, मग दोर बांधून बोगद्याच्या तोंडात डोकं घालायला शिकल्या. पुढे आसपासच्या गावांतून कुणाची मोटर, कुणाची घागर, कधी कुणाचं माणूसही विहिरीतून काढायला त्यांना बोलावणं येऊ लागलं. लोक त्यांना धीट म्हणायचे. त्यांना तो शब्द सोसायचा नाही. "धीट कसली? धीट असते तर तिला त्वांड दावून बोलले नसते व्हय?" त्या दिवशी त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ठरवती, आज म्हणायचं, सुशी, माझं चुकलं. ती दोर घिऊन म्होरं बसती, आन् माझी वाचा बसती. एका चुलीवर जेवतो आमी. तिच्या डोक्याला त्याल मी लावती, माझ्या पायाला ती लावती. पर त्या दिसाचं एक अक्षर न्हाय."

"आक्का, त्या तिथेच होत्या ना? त्यांनी ऐकलंच आहे की."

"तिनं ऐकलंय गं. मी म्हटलं न्हाय न्हवं, चुकलं म्हणून." एवढ्यात सुशीलाबाई किटली घेऊन येताना दिसल्या आणि आक्कांनी मला पाण्यात ढकललं.

माझा भाचा केदार पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला वेगळंच वेड. सुट्ट्या साठवून तो परदेशात जातो आणि पाण्याखालच्या गुहांत शिरतो. तिकडे म्हणे जमीन चुनखडीची असते, आतून पोखरली जाऊन ती एखाद्या ठिकाणी खचते आणि गोल खोल खड्डा पडतो. त्याच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे आणि मैल न् मैल गेलेली भुयारं. दिवाळीत तो हे सांगत होता, तेव्हा मी फुशारकीने म्हटलं, "आमच्या वैरागच्या रस्त्यावरही आहे एक भुयार." तो लगेच बघायला आला, आणि आक्कांनी त्याला बाजेवर बसवून घेतलं.

"तितं बी दोर लागतो व्हय?"

"दोराशिवाय आत जायचंच नाही, आजी. गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही. दोर धरूनच बाहेर यायचं."

"आन् हवा?"

"हवेचे तीन हिस्से करायचे. एक जायला, एक यायला. एक हिस्सा अडचणीसाठी. पहिला संपला की जिथे असू तिथून वळायचं."

आक्कांनी तीन बोटं मोजली. "अडचणीचा हिस्सा," त्या म्हणाल्या. "आमच्यात त्यो कुणी ठिवतच न्हाय बघ." मग जावेला हाक मारून, "सुशे, ऐकलंस का गं, ह्येंच्यात परत यायला बी श्वास राखून ठिवत्यात!" सुशीलाबाईंनी चुलीपुढून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

खालच्या विहिरीत त्या साली पाणी येईनासं झालं होतं. बोगदा गाळाने बुजलाय की छत ढासळलंय, कुणालाच कळत नव्हतं. केदार म्हणाला, "मी आणि माझा जोडीदार आत जाऊन बघून येतो." तो एवढंच म्हणाला होता. ऑफिसच्या ग्रुपवर मी टाकलं, 'येत्या रविवारी माझा भाचा पाण्याखालचा बोगदा पार करणार!' 'पार करणार' हे शब्द माझे. संगीताने ते गावच्या ग्रुपवर पाठवलं, आणि रविवारी विहिरीवर जत्रा भरली. ऑफिसची निम्मी मंडळी, भावकी, फोन उंच धरलेली पोरं, भज्यांचा गाडासुद्धा. खालच्या विहिरीवर सरपंच हार आणि नारळ घेऊन उभे, कारण केदार तिथून बाहेर येणार असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. केदारने गर्दी बघून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, हे काय आहे?" मी म्हटलं, "लोकांना कौतुक आहे रे." छातीवरचा पदर मी दोनदा नीट केला, इतकी मी फुगले होते.

आक्कांनी एकच हट्ट धरला, पोरांच्या दोराचं टोक सुशीच्या हातात राहील. केदारने मुकाट्याने मानलं. दोघं टाक्या पाठीला लावून पाण्यात उतरले, दिवे लावले आणि खाली गेले. बुडबुडे येत राहिले. सुशीलाबाईंच्या बोटांतून दोर सरकत राहिला, आणि मग एकदम थांबला. थोड्या वेळाने तो उलटा येऊ लागला, आणि त्यांनी तो अलगद गोळा करायला सुरुवात केली.

केदार आणि त्याचा जोडीदार गेले तिथूनच वर आले. भोवतीचं पाणी गढुळलं होतं. त्याने तोंडातली नळी काढली आणि दोन्ही हात उघडे करून दाखवले. "नाही जमलं. छत सैल आहे, आणि गाळ फार उठला. आम्ही वळलो."

मग वरून कुणीतरी शीळ घातली. "एवढ्या टाक्या बांधून रिकाम्या हातानं व्हय रं?" दुसरा ओरडला, "पुण्याचं हाय, चालायचंच!" हशा पिकला. "मूठ दाव की भावा, मूठ!" सगळ्या काठावरून एकच गलका. आमच्या ऑफिसचे साहेब माझ्याकडे वळून मिश्कील हसले. माझा चेहरा तापला. मी केदारकडे बघितलं, आणि माझ्या नजरेत त्याला काय दिसलं ते मला पक्कं ठाऊक आहे. मला त्याची लाज वाटत होती. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा पाण्यातून जिवंत वर आला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

त्याने ते वाचलं. मनगटावरचं यंत्र बघितलं आणि म्हणाला, "हवा आहे अजून. मी एकदा बघून येतो." जोडीदार म्हणाला, "केदार, आपलं ठरलंय." तरी त्याने काच डोळ्यांवर ओढली.

आक्का लुगड्यासकट पाण्यात उतरल्या. त्यांनी केदारच्या पाठीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "वर ये. आदी वर ये. पाय पायरीवर ठिव, मग काय बोलायचं ते बोल." त्याला वर घेतल्याशिवाय त्यांनी पट्टा सोडला नाही. मग छातीभर पाण्यात उभ्या राहून त्या काठाकडे वळल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण तेव्हा आवाज चिरकत होता.

"हसा. मी बी हसले हुते. ह्याच पायरीवर बसून मी सदा भावजींना म्हटलं, मूठ रिकामीच का? समद्यांला ठावं हाय, कुणी बोलत न्हाय. माझ्या बोलण्यापायी त्यो माणूस परत खाली गेला. मी मारला त्येला." काठावरचे फोन एकेक करून खाली आले. आक्का वळल्या. सुशीलाबाईंच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमेना, त्या त्यांच्या हातातल्या दोराकडे बघत म्हणाल्या, "सुशे, माझं चुकलं गं."

सुशीलाबाई दोर गोळा करत होत्या. तो पुरता गोळा करून त्यांनी मांडीवर ठेवला. मी त्यांना एवढं सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी बोलला तवा ते हसतच हुते, आक्का. पायरीवर हात ठिवला हुता त्यांनी. वरच येत हुते. मला म्हणाले बी, भाकरी आणलीस का?" त्या थांबल्या. "मग मी हसले. पदर तोंडाला लावून हसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पायरीवरचा हात काढला आन् परत गेले. तुमच्या बोलण्यानं न्हाय गेले. मी हसले म्हणून गेले."

"सुशे!"

"म्हणून दोर धरती मी. तुमी येवढ्या बायकांला शिकवता, लोकांची माणसं वर काढता. मला तेवढंच येतं."

कुणीच कुणाला मिठीबिठी मारली नाही. आक्का पाण्यातच उभ्या होत्या, तोंड उघडं. इतकी वर्षं ज्या चुकीवर आपला एकटीचा हक्क म्हणून त्या जगल्या, तिच्यात शेजारीच बसलेली वाटेकरीण निघाली होती. शेवटी सुशीलाबाईच उठल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "वर या आता. नेसल्यालं लुगडं भिजलं समदं." लोक पांगले. सरपंच हार घेऊन आले, कुणाला घालावा ते त्यांना कळेना, तेव्हा तो त्यांनी मोटरीच्या पेटीवर ठेवला. मी केदारजवळ गेले. "मूठ उघड," मी म्हटलं. त्याने उघडली. मला "शाब्बास" म्हणायचं होतं, पण रडूच आलं. तो म्हणाला, "मावशी, आधी भजी खाऊ या का?"

उन्हाळ्यात खालच्या बाजूने बोगदा उकरला, तेव्हा आतलं छत खरंच ढासळलेलं निघालं. ऑफिसात साहेबांना ते सांगावंसं मला वाटलं नाही.

त्या दोघींचं म्हणाल तर त्या दिवसापासून भांडण सुरू झालं. आक्का म्हणायच्या, माझ्यामुळं. सुशीलाबाई म्हणायच्या, न्हाय, माझ्यामुळं. भाकऱ्या थापताना, शेंगा फोडताना, आमच्यासमोरसुद्धा. "मी बोलले नसते तर तू हसली असतीस व्हय?" "मी हसले नसते तर ते गेले असते व्हय?" आक्का चिडून म्हणायच्या, "लई शाणी! थोरली मी हाय का तू?" ऐकणाऱ्याला हसू यायचं, आणि हसल्याबद्दल लगेच जीभ चावावी लागायची. सुशीलाबाई त्या वर्षी प्रथमच गुडघाभर पाण्यात उतरल्या. आक्कांनी त्यांना पुढे ढकललं मात्र नाही.

मग आक्कांना अर्धांगाचा झटका आला. सोलापुरात दवाखान्यात होत्या तेव्हा डबा माझ्या घरून जायचा. वाचा गेली. पुढे उजवा हात आखडत गेला आणि त्याची मूठ घट्ट मिटली. घरी नेल्यावर सुशीलाबाई रोज सकाळी कोमट तेल घेऊन बसायच्या आणि एकेक बोट सोडवायच्या. "मूठ उघडा आक्का. मूठ उघडा." मी रविवारी जायचे. आक्का आम्हा दोघींकडे बघायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बोटं सोडली की हात पुन्हा मिटायचा. मला वाटायचं, अजूनही त्यांनी ती माती सोडलेली नाही.

त्या गेल्या तेव्हा मी पोचेपर्यंत आंघोळ घालून झाली होती. अंगणात बायका बसलेल्या, माझ्याबरोबर पोहायला शिकलेल्या सगळ्या, त्या मुख्याध्यापिकासुद्धा. उचलायची घाई चालली होती. सुशीलाबाईंनी हात करून सगळ्यांना थांबवलं. त्या आक्कांच्या उशाशी बसल्या आणि ती मिटलेली मूठ मांडीवर घेतली. अंगठा सोडवला, मग एकेक बोट, रोजच्यासारखं, दुखणार नाही असं. तळहात उघडा झाला. त्यांनी तो आमच्याकडे वळवून दाखवला आणि मग आक्कांच्या कानाशी वाकल्या.

"रिकामी हाय, आक्का," त्या म्हणाल्या. "शाब्बास."